जुना मनुष्य उतरवताना: सुटलेल्या आणि न सुटलेल्या सवयींचे अनुभव

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव) देताना आपण बहुधा दोनच गोष्टी सांगतो: प्रभूला ओळखण्यापूर्वी मी असा होतो आणि आता असा आहे. या दोहोंमधली वर्षे साक्षीतून गळून जातात. प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात जुना मनुष्य, म्हणजे विश्वासापूर्वीचा आपला स्वभाव, काढून टाकण्यासाठी जे क्रियापद वापरले आहे, ते ग्रीक भाषेत अंगावरचे वस्त्र उतरवण्यासाठीही वापरले जाई. पण माझा अनुभव असा की हे वस्त्र सरळ उतरत नाही, कुठेतरी बाही अडकतेच. त्या अडकलेल्या बाहीविषयी प्रत्येकाने लिहावे, अशी विनंती आहे. आरंभ मी करतो.

मी मोठा लबाड कधीच नव्हतो. मी फक्त घरात मोजे शोधत असताना फोनवर ‘निघालोच आहे’ असे सांगणारा माणूस होतो. त्याच अध्यायाच्या 25व्या वचनात लबाडी टाकून खरे बोलण्यास सांगितले आहे, हे मला ठाऊक होते. परंतु ती आज्ञा न्यायालयात किंवा व्यवहारात बोलल्या जाणाऱ्या असत्यापुरती आहे, असे मी सोयीस्करपणे धरून चाललो होतो. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी असाच फोन ठेवला, तेव्हा शेजारी बसलेली माझी लहान मुलगी म्हणाली, “बाबा, आपण कुठे निघालोय?” ‘अजून घरीच आहे, अर्धा तास लागेल’ हे साधे वाक्य उच्चारण्यापूर्वी मला आजही क्षणभर थांबावे लागते.

*

मी बावीस वर्षे दारू प्यायलो. विश्वास ठेवला त्या रात्री उरलेली बाटली मोरीत ओतली आणि यापुढे थेंबही घ्यायचा नाही, असे ठरवले. तिसऱ्या दिवशी हात इतके कापू लागले की पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येईना, आणि भिंतीवर नसलेले किडे चालताना दिसू लागले. ओळखीच्या काही विश्वासणाऱ्यांनी हा सैतानाचा हल्ला असल्याचे सांगून प्रार्थना सुरू केली. पाळकांनी प्रार्थना केली ती मला रुग्णालयात नेताना, गाडीत. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो, हे मला तिथे कळले. मुद्दाम लिहितो, कारण विश्वास असताना औषध कशाला, असे विचारणारे अजूनही भेटतात.

सात महिन्यांनी मी पुन्हा प्यायलो. दुसऱ्या दिवशी पाळकांकडे गेलो, तेव्हा बोलणी खावी लागतील अशी माझी खात्री होती. त्यांनी आधी जेवायला वाढले आणि मग, पुढच्या वेळी पिण्याआधी ये, एवढेच सांगितले. त्यानंतरच्या प्रभुभोजनात (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीत) पेला ओठांशी नेला आणि चवीवरून लक्षात आले की द्राक्षारस आंबवलेला नव्हता. कोणी काही जाहीर केले नव्हते. तेव्हापासून आमच्या मंडळीत सर्वांसाठी तोच रस असतो.

*

माझे अगदी थोडक्यात आहे. मी रोज राशिभविष्य वाचत असे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 19व्या अध्यायात इफिस येथील लोकांनी जादूटोण्याची पुस्तके सर्वांदेखत जाळली आणि त्यांची किंमत चांदीची 50,000 नाणी भरली, असा उल्लेख आहे. माझ्याकडे जाळण्यासारखे काहीच नव्हते, नुसती नजर होती, आणि ती अजूनही वर्तमानपत्राच्या त्या कोपऱ्याकडे वळते.

*

दारू सोडणाऱ्याचे सर्वांना कौतुक वाटते, कारण त्याची सवय दिसते. माझी सवय मंडळीत आल्यावर दिसेनाशी झाली आणि तिला उलट प्रतिष्ठा मिळाली. मला दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी सांगायला आवडत असे. विश्वासात आल्यावर मी ते सोडले, असे मला खरोखरच वाटत होते. पण बहिणींच्या प्रार्थनासभेत ‘अमुक बहिणीसाठी प्रार्थना करू या, तिच्या संसाराचे काही ठीक नाही’ असे हळू आवाजात सांगताना मला पूर्वीचाच आनंद होत होता, आणि ऐकणाऱ्या पुढे सरकून बसत होत्या. ‘प्रार्थनेचा विषय’ या शब्दाआड आपण काय काय लपवतो, यावर कोणीतरी एकदा सविस्तर लिहावे.

ज्या बहिणीविषयी मी बोलले होते, ती एका रविवारी उपासनेनंतर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “माझ्यासाठी प्रार्थना करता, त्याबद्दल आभार. पण तुम्ही मला एकदाही विचारले नाही हो.” त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: ज्या व्यक्तीशी मी स्वतः बोलले नाही, तिचे नाव सभेत घ्यायचे नाही. पहिले काही महिने माझ्याकडे प्रार्थनेचे विषयच उरले नाहीत, यावरून काय ते समजावे.

*

(मध्येच एक टीप जोडतो. ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचे कर्ते, इंग्रज पाळक जॉन न्यूटन यांनी तरुणपणी, 1748 साली समुद्रावरील वादळात देवाचा धावा केला आणि तिथून आपल्या विश्वासाचा आरंभ मानला. मात्र त्यानंतरही 1754 पर्यंत ते गुलामांच्या व्यापारातील जहाजांवर होते, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीरपणे लिहिले ते 1788 मध्ये. चाळीस वर्षे! वरील भगिनींनी स्वतःला फार दोष देऊ नये.)

*

माझा अनुभव उलट दिशेचा आहे. नव्या उत्साहात मी जुने मित्र सोडले. ते जुगार खेळत, मीही खेळत असे, म्हणून जुगाराबरोबर माणसेही सोडावीत असे मला शिकवण्यात आले आणि मला ते पटले. पुढे करिंथकरांस पहिल्या पत्राचा 5वा अध्याय नीट वाचला. जगातील पापी माणसांशी संबंधच ठेवू नये असा आपला अर्थ नव्हता, तसे करायचे तर जगातूनच निघून जावे लागेल, असे पौल तिथे स्पष्ट करतो. त्या मित्रांपैकी एकजण दरम्यान वारला होता आणि मी अंत्यविधीलाही गेलो नव्हतो. जुगार सुटला याचा मला आनंद आहे. बाकीच्याविषयी अधिक लिहवत नाही.

*

माझा बाप्तिस्मा अजून व्हायचा आहे. तो येत्या पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री होईल. प्राचीन मंडळीच्या एका नियमावलीत उमेदवाराने तीन वर्षे वचन ऐकावे आणि मूर्ती घडवणारे व आखाड्यात जीव घेणारे यांनी आपला धंदा सोडावा, अन्यथा त्यांना स्वीकारू नये, असे सांगितले आहे. तो भाग वाचताना मला जरा सुटल्यासारखे वाटले, कारण माझा व्यवसाय साधा आहे आणि मला कोणतेही व्यसन नाही. विधीच्या तयारीत फादरांनी प्रश्न वाचून दाखवले: तू सैतानाचा त्याग करतोस काय, त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करतोस काय. ‘होय’ म्हणताना मी अडखळलो. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून मी सख्ख्या मोठ्या भावाशी अकरा वर्षे बोललेलो नाही. भांडण केव्हाच विझले आहे, उरली आहे ती न बोलण्याची सवय. आणि वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे मत्तयाच्या 5व्या अध्यायात लिहिलेले आहे.

परवा रात्री दादाचा क्रमांक फिरवला. दोनदा घंटी वाजली आणि मीच फोन बंद केला. सकाळी पाहिले तर त्याचे तीन फोन येऊन गेले होते, शेवटचा पहाटे पावणेपाचला.