शिकारीच्या रायफलीसाठी परवडणारा फिक्स्ड पॉवर स्कोप: ४×३२ घ्यावा की ६×४२?

रानवाटसरू (प्रश्न):

नमस्कार. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे आणि हरणाएवढ्या सावजाच्या परवानाधारक शिकारीसाठी तिच्यावर स्कोप बसवायचा आहे. निम्मे रान दाट आहे आणि निम्म्या भागात मोकळी कुरणे आहेत, त्यामुळे अंतर साधारण ५० ते २०० मीटर असते, आणि सावज बहुधा पहाटे किंवा अगदी तिन्हीसांजेला बाहेर पडते. हाताशी असलेल्या पैशांत एकतर सामान्य प्रतीचा ३-९×४० व्हेरिएबल (३ ते ९ पट बदलता येणारा) स्कोप येतो किंवा त्याहून बऱ्या प्रतीचा फिक्स्ड पॉवर, म्हणजे पट न बदलणारा. माझा कल फिक्स्डकडे आहे, परंतु ४ पट घ्यावा की ६ पट, आणि माहितीपत्रकातील कोणत्या आकड्यांना महत्त्व द्यावे, हे ठरत नाही. मला चष्मा आहे, तोही विचारात घ्यावा ही विनंती.

भिंगधारी:

आपण सांगितलेली वेळ आणि अंतर पाहता मी ६×४२ (६ पट मोठे चित्र, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर) सुचवेन, आणि त्याचे मुख्य कारण संधिप्रकाश हे आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे एक्झिट प्युपिल, हा नेत्रिकेतून (डोळ्याजवळच्या भिंगातून) डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास असतो. ६×४२ मध्ये तो ७ मिलिमीटर भरतो, ४×३२ मध्ये ८, आणि ३-९×४० स्कोप ९ पटीवर ठेवल्यास जेमतेम ४.४. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार हा आकडा घटत जातो, त्यामुळे ४×३२ चा तो जादा मिलिमीटर उजेडाच्या दृष्टीने फारसा उपयोगी पडत नाही. मात्र झोत मोठा असल्यामुळे डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळे पडत नाही, हा लाभ दोन्हींत मिळतो आणि घाईने रायफल खांद्याला लावताना तो फार मोलाचा ठरतो.

झोत पुरेसा असला की पुढचा प्रश्न तपशिलाचा येतो. पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे ट्वायलाइट फॅक्टर, ४×३२ साठी ११.३ आणि ६×४२ साठी १५.९ येतो. अंधूक उजेडात झुडपाच्या पानांतून खांद्याची रेषा वेगळी काढायची असेल, तर हा फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. हा आकडा काचेच्या दर्जाविषयी मात्र काहीही सांगत नाही, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर दोन निरनिराळ्या उत्पादकांचे स्कोप तोलू नयेत.

काचेकडे मी सर्वाधिक लक्ष देतो. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो; असे दहा पृष्ठभाग असतील तर डोळ्यापर्यंत दोन तृतीयांशच प्रकाश येतो, आणि वाया गेलेल्यातला काही भाग नळीतच विखुरून चित्र धुरकट करतो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने ही हानी दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणता येते. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्मकुला यांनी परावर्तनरोधी लेपाची पद्धत शोधली, आणि आजच्या स्वस्त स्कोपमधून जे दिसते त्याचे बरेचसे श्रेय मी त्या शोधाला देतो. माहितीपत्रकात ‘फुली मल्टिकोटेड’ (सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप) असे शब्द पाहावेत. नुसते ‘कोटेड’ लिहिलेले असेल, तर एखाद्या पृष्ठभागावरच एकपदरी लेप असण्याची शक्यता असते.

पाणंद:

वरील गणित योग्य आहे, परंतु निष्कर्षाशी मी अर्धाच सहमत आहे. रान खरोखर दाट असेल आणि सावज चालते किंवा पळते दिसणार असेल, तर ४ पटच बरा. १०० मीटरवर ४ पटीच्या स्कोपमधून साधारण ८ ते १० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर ६ पटीतून ६ ते ७ मीटरचा. ३० मीटरवर अचानक समोर आलेले जनावर शोधताना ही रुंदी फार मोठी असते. शिवाय ४ पट म्हणजे २०० मीटरवरील सावज ५० मीटरवर असल्यासारखे दिसते, आणि तेवढ्या अंतरावरून छातीचा भाग ओळखता येत नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की फिक्स्ड म्हणजे आपोआप दर्जेदार, हे गृहीत धरू नये. पट बदलणारी यंत्रणा नसल्याने त्यात हलणारे भाग कमी, भिंगे कमी आणि वजनही बहुधा कमी, हे खरे. तथापि ३-९×४० हा प्रकार इतक्या मोठ्या संख्येने तयार होतो की त्याच्या उत्पादनाचा खर्च खूप खाली आला आहे, आणि फिक्स्डचा खप घटल्यामुळे अनेक उत्पादकांनी त्या श्रेणीत अगदी प्राथमिक प्रतीचेच नमुने शिल्लक ठेवले आहेत. म्हणून शक्य असल्यास दोन्ही स्कोप संध्याकाळी दुकानाबाहेर नेऊन, व्हेरिएबल ६ पटीवर ठेवून, सावलीतल्या एकाच झाडाकडे पाहावे. ज्याच्यात कडेपर्यंत फांद्या स्पष्ट दिसतात आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) हरवत नाही, तो घ्यावा. बारीक तारांचे रेटिकल, म्हणजे हीच नेमखूण, दुपारी सुबक वाटते, पण तिन्हीसांजेला नाहीसे होते; आपल्या उपयोगासाठी जाड खांब आणि मध्ये बारीक रेषा असलेले डुप्लेक्स किंवा जर्मन क्रमांक ४ हेच प्रकार पाहावेत.

खांदेकरी:

चष्म्याचा मुद्दा राहून गेला आहे, आणि .३०८ च्या धक्क्यासमोर तो दुय्यम नाही. चष्म्याची काच डोळा आणि नेत्रिका यांच्यामधली जागा खाते, म्हणून आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसेल असे नेत्रिकेपासून डोळ्याचे अंतर) किमान ८५ ते ९० मिलिमीटर असावा. स्कोप बसवताना शिकारीला घालायचा जाड कोट अंगावर ठेवावा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. चित्राभोवती काळे कडे दिसले तर स्कोप पुढेमागे सरकवावा. बसून, उभे राहून आणि पालथे पडून अशा तिन्ही स्थितींत हे तपासावे, कारण पालथे पडल्यावर डोके पुढे येते आणि भुवई फुटण्याचे प्रसंग तेव्हाच घडतात.

पैसे वाचवण्याच्या नादात .२२ रिमफायरसाठी (हलक्या, कमी धक्क्याच्या काडतुसासाठी) बनवलेला स्कोप घेऊ नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. त्यांचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमखूण सावजावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष, बहुधा ५० यार्डांना जुळवलेला असतो. ५० मीटरला जुळवलेल्या ४२ मिलिमीटर भिंगातून २०० मीटरवर नेम धरताना डोळा अगदी कडेला गेला, तर चूक ६३ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. तोच पॅरॅलॅक्स १०० मीटरला जुळवलेला असेल तर ती २१ मिलिमीटरच राहते. आपल्या .३०८ सारख्या सेंटरफायर रायफलीचे स्कोप सामान्यतः १०० ते १५० यार्डांना जुळवून येतात, आणि आपल्या अंतरांसाठी तेवढे पुरे आहे. बाजूला वेगळी पॅरॅलॅक्स चकती असलेल्या स्कोपवर जास्त खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

वाचलेले पैसे रिंग आणि बेससाठी (स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या भागांसाठी) ठेवावेत. धक्क्याने रिंगमध्ये स्कोप सरकला की उत्तम काचेचाही उपयोग होत नाही. स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या पिळापेक्षा, जो रिंगसाठी साधारण २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, अधिक आवळू नयेत. अती आवळल्यास नळी दबते. नळी नायट्रोजनने किंवा आरगॉनने भरलेली आणि सीलबंद असावी, नाहीतर थंड पहाटेतून उबदार खोलीत आल्यावर आतून दव धरते.

आणखी एक गोष्ट सर्वांनीच पाळावी. समोर काय आहे हे ओळखण्यासाठी स्कोप वापरू नये, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडेच रायफलीच्या नळीचे तोंडही वळते. त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण असावी.

रानवाटसरू:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुरणाच्या कडेला बसणेच अधिक घडत असल्याने मी ६×४२ कडे वळतो आहे. एक शंका उरते: १५० किंवा २०० मीटरवर फिरकी (नेम सरकवणारी स्कोपवरची चकती) न फिरवता रेटिकलवरूनच अंदाज घेता येईल का?

भिंगधारी:

अवश्य, आणि फिक्स्डचा खरा फायदा इथे आहे. बहुतेक शिकारी व्हेरिएबल स्कोपमध्ये रेटिकल दुसऱ्या प्रतलात, म्हणजे पट बदलणाऱ्या भिंगांच्या मागे, असते, त्यामुळे पट बदलली की रेटिकलने व्यापलेले अंतरही बदलते. फिक्स्डमध्ये ते कायम असते. १०० मीटरवर पट्ट्या आखलेला मोठा कागद लावून, केंद्रापासून खालच्या जाड खांबाच्या टोकापर्यंत किती सेंटिमीटर येतात ते एकदा मोजून ठेवावे. ते माप २०० मीटरवर दुप्पट धरायचे.

२०० मीटरपर्यंत मात्र त्याचीही गरज पडू नये. १५० ग्रेन (वजनाचे माप) वजनाची गोळी सुमारे ८५० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटत असेल, तर १०० मीटरवर ती नेमाच्या जवळपास ५ सेंटिमीटर वर लागेल अशी रायफल झिरो करावी (स्कोप जुळवून घ्यावा), म्हणजे २०० मीटरच्या आसपास ती पुन्हा नेमाच्या रेषेवर येते आणि मधल्या सगळ्या अंतरांवर छातीच्या मध्यावर धरलेला नेम चालतो. पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) फिरकीची एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवते, तर ०.१ मिलिरेडियनची (कोनाचेच दुसरे माप) १० मिलिमीटर. आपल्या स्कोपवर कोणते माप आहे ते आधी पाहून घ्यावे. झिरो झाल्यावर फिरकी वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे अशी फिरवून पुन्हा तीन बार काढावेत. गोळ्यांचा गट मूळ जागी पडला नाही, तर हमीच्या मुदतीत तो स्कोप परत करावा.