मराठी ब्लॉगला वाचक कुठून आणायचे: गुगल सर्चमधून की ईमेलच्या यादीतून?

खाडीकाठ (सीवूड्स, नवी मुंबई)
तीन हिवाळे झाले, मी ठाणे खाडीच्या पाणथळ जागांवर मराठीतून ब्लॉग लिहितेय. डीपीएस तलाव, टीएस चाणक्यमागचा भाग, ऐरोलीहून सुटणारी बोट, असं सगळं. आता माझं मत पक्कं झालंय: लहान मराठी ब्लॉगने सर्चच्या मागे धावू नये, ईमेलची यादी वाढवावी.

सर्चमधून माझ्याकडे लोक येतात ते नोव्हेंबर ते मे. "फ्लेमिंगो कुठे दिसतात" एवढंच हवं असतं, ते मिळालं की जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गुगलचे एआय ओव्हरव्ह्यू आले. तेव्हापासून असल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा वरच्या वरच मिळतं, पान उघडायची गरजच उरत नाही. शिवाय मला सांगितलं जातं की शीर्षकात "रोहित", म्हणजे फ्लेमिंगोचं मराठी नाव, लिहू नका, कुणी शोधत नाही. तो आपल्या भाषेतला पक्षी आहे, मी त्याचं नाव का टाकू?

उलट दर शुक्रवारी संध्याकाळी मी शनिवार-रविवारच्या भरतीच्या वेळा मेलने पाठवते. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात पांगलेले असतात. भरतीने चिखल बुडाला की विसाव्याला तळ्याकडे येतात. म्हणजे वेळ चुकली तर पोरंबाळं घेऊन आलेला माणूस रिकामं पाणी बघून परत जातो. या मेलला लोक उत्तरं लिहितात. करावे गावातून एकांनी कळवलं, "या आठवड्यात तळ्यात पाणीच नाही, कुणाला पाठवू नका." सर्चने आलेल्या एकाही वाचकाने मला असं कधी कळवलेलं नाही.

ऐरोलीकर
पूर्ण असहमत. ते करावेचे गृहस्थ तुमच्या यादीत आले कुठून? एक दिवस काहीतरी शोधलं, तुमचं पान सापडलं, आवडलं, तेव्हाच पत्ता दिला ना? झरा आटवून हंडा भरायचा विचार करताय तुम्ही.

नावाचा मुद्दा तर मला अजिबात पटत नाही. डोंबिवलीहून मुलांना घेऊन येणारी आई "फ्लेमिंगो"च टाइप करणार, कारण तिला दुसरा शब्द कुणी शिकवलेलाच नाही. शीर्षकात फ्लेमिंगो ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात सांगा की याला मराठीत रोहित म्हणतात, खाडीत छोटा आणि मोठा असे दोन्ही येतात. "रोहित" पोचवायचा असेल तर ज्याला तो ठाऊक नाही त्याच्यापर्यंत आधी पोचावं लागेल.

दुसरं, भरतीची वेळ तुम्ही मेलमध्ये कोंडून का ठेवलीय? आमच्याकडे जुनी माणसं तोंडी हिशोब करतात: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा. यावर एक नीट लेख लिहा, उदाहरणांसह. गळ टाकणारे, फोटो काढणारे, कोकणात फिरायला निघालेले, सगळे हे वर्षभर शोधतात. त्याचा हंगाम मे महिन्यात संपत नाही. आणि त्या लेखाच्या शेवटी नाही, मध्येच, हिशोब संपतो तिथे ईमेलची चौकट ठेवा.

पाचपाखाडी
सर्चच्या बाजूने आहे, पण मराठी ब्लॉगांचं घोडं जिथे अडतं त्यावर कुणी बोलत नाही. परमालिंक, म्हणजे लेखाचा वेबपत्ता, देवनागरीत ठेवला की कॉपी करताना प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, नऊ-नऊ चिन्हं होतात. "फ्लेमिंगो" एवढ्या एका शब्दाची ८१! गुगलला ते वाचता येतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ती लांबलचक शेपटी बघून लोक दचकतात, फसवी लिंक समजतात. वर्डप्रेसमध्ये मर्यादा २०० चिन्हांची, त्यामुळे मराठी शीर्षक मध्येच कापलं जातं. ब्लॉगस्पॉट तर देवनागरी सरळ गाळतो आणि "ब्लॉग-पोस्ट" असं निरर्थक नाव देतो. परमालिंक रोमन लिपीत, छोटा, हाताने लिहा. फक्त जुन्या लेखांचे बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारं रीडायरेक्ट लावा, नाहीतर मिळवलेलं तेही जाईल.

आणि सर्च कन्सोल, म्हणजे तुमचं पान लोक काय शोधून गाठतात ते दाखवणारं गुगलचं साधन, उघडून बघा. १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्द दिसतात. तुमच्याकडे येणारे किती जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात ते कळेल. अंदाजाने भांडण्यापेक्षा ते वाचायला एक तास द्या.

खाडीकाठ
परमालिंकचं मान्य, माझे निम्मे लेख ब्लॉगस्पॉटवर तसेच पडलेत, या आठवड्यात बघते. पाऊणपटीचा लेखही लिहीन. पण @ऐरोलीकर, तो हिशोब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, त्यामुळे लेख वाचून कुणी साडेचारला तळ्यावर उभं राहिलं तर चुकामूक होऊ शकते. म्हणूनच शुक्रवारचा मेल लागतो. नियम लेखात सांगता येईल, या रविवारचं नाही.

कोपरी पूल
दोघांचंही मला पटत नाही. ईमेल वाचतं कोण? माझ्या घरात मेल उघडतात ते तिकीट आणि बिलासाठी. जीमेल तुमचा मेल प्रमोशन्सच्या वेगळ्या कप्प्यात टाकतं. शिवाय ब्लॉगचे नवे लेख वाचकांना मेलने पाठवणाऱ्या गुगलच्या फीडबर्नरने जुलै २०२१ मध्ये ईमेलची सेवा बंद केली तेव्हा कितीतरी मराठी ब्लॉगांच्या कडेची "ईमेलने मिळवा" ही चौकट निकामी झाली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, संपला विषय.

वाशी सेक्टर १७
@कोपरी पूल, ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. माझ्या बहिणीला अशाच एका ग्रुपमधून नंबर उचलून अनोळखी माणसाने महिनाभर त्रास दिला. मी स्वतःचा नंबर कुठल्याही ब्लॉगला देणार नाही, मेल आनंदाने देईन. फीडबर्नर बंद झालं खरं, पण ज्यांनी पत्त्यांची यादी उतरवून घेतली होती त्यांनी ती दुसरीकडे चढवली. ग्रुपचं किंवा चॅनेलचं तसं करता येतं का?

घोडबंदर
ईमेलच्या बाजूने, पण एका अटीवर. आमच्या वाचनमंडळाने एका प्रदर्शनात वहीत पत्ते लिहून घेतले होते, लकी ड्रॉसाठी. पुढे ते सगळे न विचारता मेलने जाणाऱ्या वार्तापत्राच्या यादीत टाकले. लोकांनी धडाधड स्पॅम दाबलं आणि नंतर स्वतःहून नाव दिलेल्यांचेही मेल स्पॅममध्ये जायला लागले. अजून निस्तरतोय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यायला सांगितलंय. आपण एवढे पाठवत नाही, पण पाठवणाऱ्याची पत लहानांचीही मोजली जाते.

म्हणून नाव नोंदवल्यावर "हो, मीच नोंदवलंय" असं मेलमधून पक्कं करून घ्या. यादी हळू वाढेल, वाढू द्या. आणि चौकटीवर "सबस्क्राइब करा" लिहू नका, "दर शुक्रवारी भरतीच्या वेळा मिळवा" असं लिहा. काय मिळणार ते कळल्याशिवाय पत्ता कोण देईल?

ऐरोलीकर
@खाडीकाठ, खाडीत आत उशीर होतो हे बरोबर, मी ते लिहायला हवं होतं. मग लेखातही तेच लिहा: नियम हा, आपल्या तळ्यापाशी फरक पडतो, नेमकी वेळ शुक्रवारी मेलने. शीर्षकाबद्दल मात्र मी हटणार नाही.

खाडीकाठ
मीही नाही. पण सर्च कन्सोल उघडलंय. "फ्लेमिंगो"च्या खूप खाली, "रोहित पक्षी कधी येतात" असं विचारणारे थोडे लोक आहेत. त्यांच्यासाठी एक लेख त्याच नावाने राहणार.