डॉक्टरांच्या हाताचा गुण आणि आपल्या मनाचा वाटा : सीमाभागातील अनुभव

‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे म्हणण्याची आमच्या बेळगाव भागात जुनी रीत आहे. गोळी तीच, मात्रा तीच, तरी एकाकडे गुण येतो आणि दुसऱ्याकडे येत नाही, असे छातीठोकपणे सांगणारी माणसे खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठेही भेटतात. हा निव्वळ भाबडेपणा आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. पुढे लेविन, गॉर्डन आणि फील्ड्स या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाविषयी वाचले आणि मत बदलावे लागले. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे दुखणे औषध नसलेल्या सुईनेच उतरले होते, त्यांना अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे नालोक्सोन दिल्यावर ते दुखणे पुन्हा वाढले. याचा अर्थ, सुईत काही नसले तरी रुग्णाच्या शरीराने स्वतःचे वेदनाशामक तयार केले होते आणि नालोक्सोनने ते अडवले.

म्हणून लोकांचे असे अनुभव एकत्र करणारा हा धागा. लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की स्वतः पाहिलेले लिहावे, सोबत कोणते उपचार चालू होते तेही सांगावे आणि विश्वासाने जिथे घात केला ते प्रसंगही लपवू नयेत.

औषध दुकानदार, निपाणी

रक्तदाबाची गोळी नेणारे एक तंबाखू शेतकरी आहेत. कंपनीने पाकिटाचा रंग निळ्याचा हिरवा केला, तेव्हा चौथ्याच दिवशी ते परत आले आणि ‘ही गोळी मानवत नाही, डोके जड होते’ म्हणाले. घटक तोच आहे हे मी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून दाखवले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. सलाईनचेही तसेच आहे. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. पण ती लावल्याशिवाय उपचार पदरात पडल्यासारखे आमच्याकडे कोणाला वाटत नाही.

यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव

सहा वर्षांपूर्वी माझी कंबर धरली आणि दहा दिवसांत गेली नाही, म्हणून एमआरआय काढला. ज्यांना अहवाल दाखवला त्यांनी तो दिव्यासमोर धरून ‘मणक्यात गॅप आहे, डिस्क झिजली आहे, यापुढे वाकायचे नाही आणि ओझे उचलायचे नाही’ असे सांगितले. त्या दिवसापर्यंत मी दुखत असतानाही दोन माग चालवत होतो. त्या दिवसानंतर मात्र खाटेच्या काठावर बसून, पाठ ताठ ठेवून, टाचेने चाचपत चपला घालू लागलो, जणू माझ्या पाठीत काचेची बरणी ठेवली होती. न्हाणीतली बादली पत्नी उचलू लागली. मागाच्या सुताच्या कांड्यांची टोपली उचलायला शेजारचा मुलगा येऊ लागला. दुखणे कमी होण्याऐवजी मांडीपर्यंत उतरले आणि झोप उडाली.

वर्षभराने एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत मला रिकामी टोपली उचलायला लावली. मी उचलली आणि काहीही झाले नाही. मग त्यांनी सांगितले की, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के माणसांच्या मणक्यांत झीज दिसली होती. माझी झीज खरी होती. पण ती माझ्याच वयाच्या कितीतरी धडधाकट माणसांतही असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. रोजचे व्यायाम आणि थोडे थोडे वजन वाढवणे यांत पाच महिने गेले. दुखणे पूर्ण गेले असे मी म्हणणार नाही, पण बादली मीच उचलतो.

निवृत्त परिचारिका, बेळगाव

शस्त्रक्रिया विभागात मी सव्वीस वर्षे काम केले. शहापूरच्या एक बाई पाठीवरची चरबीची गाठ काढून घेऊन गेल्या. एरवी पंधरवड्यात भरून येणारी जखम महिना उलटला तरी कडांना ओली राहिली. साखर तपासली, पू तपासायला पाठवला, सगळे ठीक निघाले. ड्रेसिंग बदलताना मी सहज विचारले, ‘रात्री झोप लागते का?’ तर त्या मान खाली घालूनच रडू लागल्या. घरी सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. त्या रात्री तीनतीनदा उठून ‘माझे घर कुठे आहे’ म्हणत दाराची कडी काढायच्या आणि या त्यांना हाताला धरून परत आणायच्या. पुढे गडहिंग्लजहून नणंद येऊन तीन आठवडे राहिल्या, रात्रीची जागरणे त्यांनी घेतली आणि जखम मिटली.

हे केवळ मनाच्या शांतीमुळे घडले, असा माझा दावा नाही. त्या बाई त्या दिवसांत झोपल्याही आणि वेळेवर जेवल्याही. मात्र १९९५ साली ओहायोमध्ये नेमके हेच तपासले गेले होते. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया यांना हातावर अगदी छोटी, सारखीच जखम केली गेली. सेवेकरी स्त्रियांची जखम भरायला सुमारे नऊ दिवस अधिक लागले. हे वाचले तेव्हा मला शहापूरच्या बाईंची ती ओली कड आठवली.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, जांबोटी परिसर, खानापूर तालुका

माझे आजोबा साप उतरवत. त्यांच्याकडे आलेले बहुतेक जण बरे होऊन घरी जात, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असत आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. हे गणित आम्हाला फार उशिरा कळले. माझ्या चुलतभावाला रात्री जमिनीवर झोपलेला असताना साप चावला. ना सूज, ना आग. आजोबांनी त्याला कडुलिंबाचा पाला चघळायला दिला. तो कडू लागला, म्हणजे विष चढलेले नाही, असे ठरले आणि सगळे निर्धास्त झाले. साप मण्यार होता आणि मण्यारीच्या दंशाला बहुधा सूज येतच नाही. पहाटे भावाच्या पापण्या पडू लागल्या आणि आवाज नाकातून येऊ लागला. बेळगावला नेईपर्यंत श्वास तुटत चालला होता. प्रतिसर्पविष आणि चार दिवस व्हेंटिलेटर, यांमुळे तो वाचला. आमच्या सगळ्यांच्या श्रद्धेने त्याचे चार तास मात्र खाल्ले होते.

त्यानंतरही लोक आजोबांकडे येतच राहिले. ते आधी ‘गाडी सांगितली का?’ एवढेच विचारत आणि मग रुग्णाचा हात धरून गाडीत स्वतः सोबत बसत. भीतीने थरथरणारा, छाती धडधडणारा माणूस त्यांच्या शेजारी शांत होई, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांच्या मंत्राला मी काहीही श्रेय देणार नाही. त्या हाताला देईन.

शिक्षिका, संकेश्वर

स्तनाच्या कर्करोगासाठी मी बेळगावला केमोथेरपी घेत असे. पहिल्या खेपेला वाटेत लिंबू सरबत प्यायले होते. चौथ्या खेपेपासून वंटमुरी घाट मागे पडून काकती आली की, सुई टोचायला तास अवकाश असताना, मला बसमध्येच उलटी होऊ लागली. शरीराने रस्ता पाठ केला होता. डॉक्टरांनी हा प्रकार नेहमीचा असल्याचे सांगितले, आदल्या रात्री घेण्याची गोळी दिली आणि बसमध्ये दीर्घ श्वासाचा सराव सुचवला. त्याने बराच फरक पडला. लिंबू सरबत आजही चालत नाही.

मला राग आहे तो ‘पॉझिटिव्ह राहा, म्हणजे आजार पळेल’ या वाक्याचा. मधल्या एका तपासणीत गाठ अपेक्षेएवढी कमी झाली नव्हती, तेव्हा मी दोन रात्री स्वतःचीच उलटतपासणी घेत होते की माझ्या मनात कोणता वाईट विचार आला असेल. पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या २३५ स्त्रियांवरील संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात गटात बसून मन मोकळे करण्याने त्यांचे आयुष्य वाढले नाही. त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. मला हे वाचून धीर आला. रडणे हा गुन्हा नाही, एवढी मोकळीक मिळाली.

*(धागाकर्त्याकडून : ‘मन खंबीर ठेवले नाही म्हणून गेला’ असे अंत्यविधीच्या घरी बोलले जाते. मृताला दिलेला हा शेवटचा ठपका थांबावा, असे मलाही वाटते. पुढचा अनुभव माझा स्वतःचा आहे.)*

धागाकर्ता, बेळगाव

माझे वडील एका रुग्णालयात हृदयविकाराने दाखल होते. सकाळच्या फेरीत दोन डॉक्टर त्यांच्या खाटेपाशी कन्नड आणि इंग्रजीत आपसांत बोलत होते. वडिलांना त्यातले दोनच शब्द कळले : ‘हार्ट फेल्युअर’. आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली आहे आणि त्यावर गोळ्या आहेत, एवढाच होता. वडिलांनी मात्र त्या दिवशी जेवणाचे ताट परत पाठवले, मला बँकेची पासबुके कुठे आहेत ते सांगितले आणि रात्रभर टक्क डोळ्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहत राहिले. नाडी वाढली, दम वाढला, तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिकेने कारण काढून घेतले. तिला मराठी मोडकेतोडके येत होते. तिने वडिलांचा हात हातात घेऊन ‘आराम आगतैती, अज्जा’ (बरे होईल, आजोबा) एवढेच म्हटले आणि मग बोटांनी पंपाची खूण करून समजावले. ‘आराम’ हा शब्द दोन्ही भाषांचा आहे. गोळ्या आदल्या दिवशीच्याच होत्या. पहाटे वडील झोपले.

त्याला आता तीन वर्षे झाली. गोळ्या चालू आहेत, मीठ कमी आहे. गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्याने ‘आराम अदीरी?’ (बरे आहात ना?) असे विचारले की ते थांबतात आणि त्याला सकाळचा रक्तदाब वरच्या-खालच्या आकड्यांसह सांगूनच पुढे जातात.