राष्ट्राध्यक्ष मुक्कामाला, आकाश बंद : चुकून शिरणाऱ्या वैमानिकाचं करायचं काय?

डावा पंख
अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनबाहेर मुक्कामाला गेले की तिथलं आकाश तेवढ्यापुरतं बंद होतं. हाच टीएफआर, म्हणजे तात्पुरती उड्डाणबंदी. साधारणपणे १० सागरी मैलांच्या आतल्या वर्तुळात लहान खासगी विमानांना मज्जावच. बाहेरच्या ३० मैलांच्या वर्तुळात शिरायचं तर फ्लाइट प्लॅन हवा, कंट्रोलरने दिलेला ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमानाची ओळख पटवणारा आकडा) हवा आणि रेडिओवर त्याच्याशी बोलणं चालू हवं. मार्च २०२५ मध्ये नोरॅडने, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणेने, सांगितलं की २० जानेवारीच्या शपथविधीपासून एकट्या पाम बीचजवळ, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या घराजवळ, वीसहून जास्त वेळा विमानं अशी आत घुसली.

माझं म्हणणं सरळ आहे. एकच चूक इतकी माणसं करत असतील, तर दोष सूचना देण्याच्या पद्धतीतही शोधायला हवा.

ओळखीतल्या एकाचा किस्सा सांगतो. जुलै महिना, न्यू जर्सी, सेस्ना १७२ हे लहान विमान. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, त्याने वाचला होता, हे महत्त्वाचं. नोटॅममध्ये वेळ दहा आकड्यांत असते : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सगळं एकमेकांना चिकटून, आणि तेही झुलू वेळेत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी). बंदी २१०० झुलूपर्यंत होती. गड्याने हिवाळ्याच्या सवयीने पाच तास वजा केले. दुपारी चारला आकाश मोकळं, असा हिशेब. उन्हाळ्यात चारच वजा करायचे असतात, म्हणजे बंदी पाचपर्यंत होती. सव्वाचारला हा वर्तुळात! डाव्या खिडकीतून एफ-१६ लढाऊ विमान दिसलं तेव्हा आधी वाटलं, कुठे एअर शो आहे की काय. ११० नॉटने (तासाला ११० सागरी मैल) चाललेल्या सेस्नाच्या बरोबरीने एफ-१६ला उडता येत नाही, ते पुढे जाऊन वळसा घालून परत येतं. दुसऱ्या फेरीला त्याने फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचे जळते गोळे, सोडले तेव्हा ह्याची ट्यूब पेटली.

अशा माणसाला गुन्हेगारांच्या रांगेत उभं करायचं का?

जुना मास्तर
गुन्हेगार म्हणू नका, पण बिचाराही म्हणू नका. मी वीस वर्षं उडायला शिकवतोय. निघण्याआधी मिळण्यासारखी सगळी माहिती घेणं ही वैमानिकाची जबाबदारी आहे, नियमातच लिहिलंय. झुलूची वजाबाकी जमत नसेल तर वैमानिकांना माहिती देणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसला फोन लावा, समोरचा माणूस तुमच्या वेळेत सांगतो. पाच मिनिटांचं काम. तुमच्या मित्राने फोन केला होता का? तेवढंच सांगा.

आणि १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर कान ठेवला असता तर फ्लेअरपर्यंत वेळच आली नसती. दुसरा रेडिओ काय शोभेला बसवलाय?

डावा पंख
नव्हता केला. टॅबलेटवर बघून निघाला.

जुना मास्तर
मग झालं तर.

ढगातली वाट
मास्तर, इतकं सोपं नाही हो. टॅबलेटवर लाल वर्तुळ दिसतं म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण एडीएस-बीवरून, म्हणजे जमिनीवरून विमानाला रेडिओने माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेवरून, येणारी टीएफआरची माहिती अपुरी किंवा जुनी असू शकते. त्यावर विसंबू नका, असं एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातंच सांगतं. विसंबायचं नोटॅमवर, तर तिथे अमुक धावपट्टीवरचा दिवा बंद आणि तमुक टॉवर उंच अशी पानंच्या पानं. त्या भाताच्या ढिगात आपल्या जिवाशी गाठ असलेला खडा शोधायचा.

२०२१ मध्ये नोटॅम या संक्षेपाचं पूर्ण नाव बदललं, २०२५ मध्ये पुन्हा जुनं आणलं. नावावर एवढी मेहनत, आणि मजकूर वाचायला अजूनही तोच त्रास! (११ जानेवारी २०२३ ला ही यंत्रणाच कोलमडली आणि देशभरची उड्डाणं खोळंबली, तो दिवस आठवत असेलच.)

पहारेकरी
सगळे वैमानिकाच्या मनस्तापाबद्दल बोलताय, जरा जमिनीवरून बघा. रडारवर एक ठिपका, रेडिओला उत्तर नाही, रोख मुक्कामाकडे. तो वजाबाकी चुकलेला सज्जन आहे हे खाली बसलेल्याला कसं कळणार? १९९४ मध्ये एकाने चोरलेली सेस्ना थेट व्हाइट हाउसच्या आवारात आपटली. २०१० मध्ये ऑस्टिनला एकाने लहान विमान मुद्दाम आयकर खात्याच्या इमारतीत घुसवलं, आतला एक कर्मचारी गेला. ३० सागरी मैल म्हणजे ५५ किलोमीटर. ११० नॉटने सोळा-सतरा मिनिटं. तेवढ्यात विमान हुडकायचं, ओळखायचं, वळवायचं. मला तर ३० मैल कमीच वाटतात.

ढगातली वाट
आणि १० मैलांच्या आतले विमानतळ? पाम बीच भागातल्या लँटाना विमानतळावर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आले की फ्लाइट स्कूल आणि बॅनर ओढणारी विमानं जमिनीवर बसून राहायची. त्यांनी तर काही चूकही केली नव्हती. शनिवार-रविवार हाच त्यांचा धंद्याचा दिवस.

पहारेकरी
त्यांना भरपाई द्या, मी पाठिंबा देतो. तो वेगळा मुद्दा आहे.

ठिणगी
राष्ट्राध्यक्ष सोडा, वणव्यांवरच्या टीएफआरचं बघा. जानेवारी २०२५, लॉस एंजेलिसची पॅलिसेड्सची आग. कोणीतरी ड्रोन उडवला, तो पाणी टाकणाऱ्या सुपर स्कूपरच्या पंखाला धडकला, भोक पडलं, विमान दुरुस्तीला गेलं. खाली घरं जळतायत आणि वर एक विमान कमी. ड्रोनवाला म्हणे आग बघायला गेला होता. 'चुकून' हा शब्द मला तेव्हापासून पचत नाही.

डावा पंख
ठिणगी, तो चुकून नव्हता, बघ्या होता. दोघांना एका तागडीत घालू नका.

आणि शिक्षेचं म्हणाल तर एक वाट आहेच. वैमानिकांकडून चुकांचे अहवाल घेणाऱ्या नासाच्या एएसआरएस यंत्रणेला दहा दिवसांत अहवाल पाठवला, चूक हेतुपुरस्सर नसली आणि मागच्या पाच वर्षांत दुसरा ठपका नसला, तर उल्लंघनाची नोंद होते पण परवाना निलंबित होत नाही. मित्राने त्याच रात्री अहवाल लिहिला.

जुना मास्तर
हे उत्तम. पण त्यात खरं कारण लिहिलंय ना, 'उन्हाळ्याची वेळ विसरलो'? की नोटॅमच्या नावाने खडे फोडलेत?

एक सुचवतो. वॉशिंग्टनची बंदी मुक्कामापुरती नाही, बाराही महिने असते, तरी २००५ मध्ये एक सेस्ना १५० व्हाइट हाउसपासून तीन मैलांच्या आत पोचली आणि कॅपिटॉल, म्हणजे संसद भवन, रिकामं करावं लागलं. आता तिथून ६० मैलांच्या आत व्हीएफआर, म्हणजे नजरेने बघून, उडायचं तर आधी छोटं प्रशिक्षण सक्तीचं आहे. तसंच टीएफआरसाठी सगळ्यांना लावा.

ढगातली वाट
प्रशिक्षण लावा, हरकत नाही. पण सोबत नोटॅममध्ये स्थानिक वेळही छापा. एक ओळ वाढेल.

पहारेकरी
आणि बंदी दोन टाइम झोनवर पसरली तर कुठली स्थानिक?

ढगातली वाट
दोन्ही छापा की!

डावा पंख
मास्तर, विचारलं त्याला. 'उन्हाळ्याची वेळ विसरलो' असंच लिहिलंय. खाली अजून एक वाक्य आहे : दुसरा रेडिओ बंद होता.