लाइन फॉलोअर रोबो रात्री नीट चालतो, सकाळी रेघ सोडतो – मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. रविवारी स्पर्धेत त्याचा लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरची काळी रेघ ओळखून तिच्यावरून चालणारा रोबो, उतरणार आहे आणि गेले चार दिवस आम्ही दोघं एकाच ठिकाणी अडकलोय. मी भोसरीत एका कारखान्यात पीसीबीवर सोल्डरिंग करते. त्यामुळे हात बसलेला आहे, पण सर्किटमधलं का आणि कसं मला फारसं कळत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पाच टीसीआरटी ५००० सेन्सर (इन्फ्रारेड एलईडी आणि त्याचा परत आलेला उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर एकत्र) पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे आणून एका ओळीत बसवलेत. प्रत्येकाच्या एलईडीला ५ व्होल्टवरून २२० ओहमचा रेझिस्टर. फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टरवरून वायर सरळ आर्डुइनो उनोच्या (रोबो चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) अ‍ॅनालॉग पिनला. मध्ये कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) नाही. सेन्सरवर उजेड जास्त आला की पिनवरचा आकडा खाली येतो; तो ५०० च्या वर गेला की काळं, खाली आला की पांढरं, एवढाच कोड. सेन्सर जमिनीपासून साधारण १ सेंटिमीटरवर. ट्रॅक म्हणजे पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर वायरमनची काळी टेप. आधी मार्करने रेघ ओढली होती. डोळ्यांना काळीकुट्ट, पण सेन्सर तिला पांढरीच म्हणायचा. टेप लावल्यावर ते सुटलं.

रात्री ट्यूबलाइटखाली पांढऱ्यावर ११० ते १४०, काळ्यावर ८२० ते ८६०. रोबो छान वळणं घेतो. सकाळी त्याच हॉलमध्ये गॅलरीच्या दारापाशी पांढऱ्यावर ४५ आणि काळ्यावर जेमतेम १२०. सगळे सेन्सर पांढरं सांगतात आणि रोबो सरळ सुटतो. कोडमधला ५०० चा आकडा ८० केला, तर दारापाशी चालतो, पण आत सावलीत गेला की त्याला सगळंच काळं दिसतं.

अजून एक. डावीकडून दुसरा सेन्सर रात्री खाली काहीही ठेवलं तरी १०१५ दाखवतो. सकाळी दारापाशी मात्र तोही इतरांसारखाच १२० वर येतो. हे कसं, ते कळत नाही.

रेडिमेड सेन्सर पट्टी घ्या असं दुकानात सांगितलं. पण हा बोर्ड पोराने स्वतःच्या हाताने सोल्डर केलाय, एकेक जोड मला दाखवून. तो बाजूला ठेवायला सांगणं माझ्याच्याने होत नाही. दोष सर्किटचा की उजेडाचा, एवढं तरी सांगा.

प्रतिसाद १
ताई, तुमचं उत्तर त्या दुसऱ्या सेन्सरमध्येच आहे. रात्री त्याला काहीच दिसत नाही, म्हणजे त्याचा एलईडी पेटत नाहीये. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बाकीचे चार जांभळट दिसतील, हा काळाच राहील. आणि एलईडी बंद असूनही सकाळी तो १२० वर येतो, म्हणजे तेवढा आकडा निव्वळ उन्हाने पाडलाय. सर्किट बरोबर आहे. या सेन्सरला डोळ्यांना दिसणारा उजेड अडवणारा फिल्टर असतो, पण तो स्वतः ९५० नॅनोमीटरच्या आसपास काम करतो आणि तेवढं इन्फ्रारेड उन्हात भरपूर असतं. ट्यूबलाइटमध्ये ते अगदीच कमी, म्हणून रात्री त्रास नाही. स्पर्धेच्या हॉलमध्ये हॅलोजन असतील तर तिथेही हेच होईल.

अंतर कमी करा. हा सेन्सर २.५ मिलिमीटरवर सगळ्यात चांगला बघतो, तुम्ही ३ ते ४ वर आणा. बोर्डाभोवती जमिनीला टेकेल न टेकेल असा आडोसा करा. एलईडीच्या दोन पायांवर व्होल्टेज मोजा. पेटलेल्यावर १.२ च्या आसपास येईल, ५ आलं तर उलटा बसलाय किंवा तुटलाय.

पुढे वेळ मिळाला तर एलईडी बंद ठेवून एकदा वाचायचं, चालू करून एकदा, आणि वजाबाकी वापरायची. पण पाच एलईडी मिळून ८५ मिलिअँपिअर होतात, ते आर्डुइनोच्या एका पिनवर टाकू नका, मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर लावा. आडोसा मात्र आधी. उन्हाने आकडा तळालाच गेला असेल तर वजा करायला काही उरत नाही.

प्रतिसाद २
आडोशाचा कागद आधी सेन्सरखाली धरून बघा. मार्करसारखंच, काळे कागदही कधी कधी इन्फ्रारेडला पांढरे निघतात.

धागाकर्ती
दादा, दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या एलईडीवर ४.९ व्होल्ट आले. पाय उलटे होते. जोड इतका सुबक होता की मीच तो तपासून पास केला होता. पोराने स्वतः काढून फिरवला, लगेच पेटला. घरातला काळा कार्डशीट सेन्सरखाली धरला तर १९० आला, म्हणून तो बाद. वायरमनची टेप पुठ्ठ्यावर आतून चिकटवून आडोसा केला आणि बोर्ड ४ मिलिमीटरवर आणला.

आज सकाळी आठ वाजता, दार सताड उघडं: पांढऱ्यावर ७०, काळ्यावर ६४०. कोडमध्ये ३५० ठेवलं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत तीन फेऱ्या झाल्या, एकदाही रेघ सुटली नाही. वजाबाकीचा कोड तो आत्ता लिहायला बसलाय. दुपारी गॅलरीतल्या उन्हात ट्रॅक अंथरून बघतो आणि आकडे इथे टाकते.