गोष्टीतून पोहोचलेले आरोग्य : आपले अनुभव लिहावेत

निवृत्त सिस्टर, बीड
परवा माळ्यावरची ट्रंक उपसताना पाणी गाळण्याचे एक विटलेले कापड हाताला लागले आणि नारूचे, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या दोऱ्यासारख्या जंताचे, दिवस आठवले. मी तेव्हा आरोग्यसेविका म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि गावाला पाणी होते ते एकाच, पायऱ्यांच्या बारवेचे. भिंतीला तक्ता टांगून मी सायक्लॉप्सबद्दल, म्हणजे नारूची पिल्ले पोटात वागवणाऱ्या पाण्यातल्या बारीक किड्याबद्दल, पाठ केलेले सांगत असे. बायका माना डोलवत आणि उठून जात, कारण काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्यात काही असेल हे त्यांना पटत नव्हते. पाणी प्यायल्यावर साधारण वर्षाने नारू बाहेर येतो, असे मी एकदा सांगितले, तेव्हा ओसरीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हा तर सावकार हाय की! औंदा पाण्यातून उसनं देतो, पुढल्या साली पायातून वसूल करतो. आन् आग व्हती म्हून पाय बारवत बुडवला, की दुसऱ्याच्या नावावर कर्ज चढवतो."

पाण्यात बुडवलेल्या पायातून नारू पिल्ले सोडतो इथपर्यंतचे माझ्या तक्त्यावरचे सगळे चक्र तिने तीन वाक्यांत सांगितले होते. त्यानंतर पायाला चिंधी बांधलेला कोणी पायऱ्या उतरू लागला, की बायकाच ओरडत, "सावकार घेऊन कुठं चाललास?" २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित झाले, तेव्हा गाळणी, हातपंप आणि पाण्यात टाकायचे औषध यांचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते, पण मला मात्र ती ओसरी आठवली. आपल्याकडेही असे काही असेल, तर अवश्य लिहावे.

गोदाकाठ
सिस्टर, आमच्या आजोबांच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत असलेला नारू त्यांनी एके दिवशी घाईने ओढला, तो तुटला आणि पाय सुजून त्या वर्षीची पेरणी हुकली. आमच्या घरात ही गोष्ट धीर धरावा म्हणून सांगितली जाई. पाणी गाळून प्यावे, हे त्यातून कोणालाच कधी सुचले नाही.

आशा, हिंगोली
कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहीत आहे, चूक असल्यास क्षमा असावी. जुलाबात ओआरएस का द्यायचे, हे समजावण्यासाठी मी भोक पडलेल्या घागरीची गोष्ट सांगत असे: पाणी गळते आहे, म्हणून वरून भरत राहायचे. एका आईने मला मध्येच थांबवले, "भोक बुजवायचं सोडून वरून पाणी कामून ओतायलाव, बाई?" आणि खरेच, तिला जुलाब थांबवणारी गोळी हवी होती. माझी गोष्टच तिला त्या गोळीकडे नेत होती. आता मी उन्हात सुकलेल्या रोपाचे उदाहरण देते आणि लिटरभर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ हे तिच्याच हातून करून घेते. जुलाबात झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, यासाठी मात्र मला अजून चांगली गोष्ट सापडलेली नाही.

भारुडवाला, पैठण
ताई, श्रोत्याने मध्येच प्रश्न विचारला, तर ती गोष्टीची ताकद समजावी. गाडगेबाबांच्या कीर्तनात तर प्रश्नोत्तरेच चालत. आम्ही क्षयरोगावर सोंग बसवले होते: दोन महिन्यांत खोकला थांबतो, गडी गोळ्या सोडून जत्रेला जातो आणि खोकत परत येतो. लोक पोट धरून हसले, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर गड्याचे खोकणे सर्वांना आठवत होते आणि औषध सहा महिने घ्यायचे, हे एकालाही आठवत नव्हते. मग 'सहा' हा आकडा आम्ही पालुपदातच घातला.

लातूरकर
विषय निघालाच आहे, तर एक कटू अनुभव लिहितो. आमच्या भागातील एका कार्यक्रमात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाची गोष्ट सांगितली गेली. नाव घेतले नव्हते, पण सायकल दुरुस्तीचे दुकान, दोन मुली आणि देवळामागचे घर एवढे सांगितल्यावर नाव उरले कुठे? बहुविध औषधोपचारांनी तो पूर्ण बरा झाला होता आणि त्याच्यापासून कोणालाही धोका नव्हता, तरी त्याच्या दुकानातली वर्दळ आटली. गोष्ट सांगण्यापूर्वी त्याला कोणी विचारलेही नव्हते.

निवृत्त सिस्टर, बीड
लातूरकर, आपले वाचून मी वरचा मजकूर पुन्हा तपासला. गावाचे नाव दिले नव्हते, हे बरे झाले.

गोदाकाठ
सिस्टर, त्या कापडाचे काय केलेत?

निवृत्त सिस्टर, बीड
धुऊन वाळत घातले आहे. नात विचारत होती, हा कसला रुमाल आहे म्हणून. रात्री तिला सावकाराची गोष्ट सांगणार आहे.