मदत हवी आहे: पुणे-सातारा-कोल्हापूर व्याख्यान दौरा

गटारात उतरवल्या जाणाऱ्या सफाई कामगारांसाठी लढणाऱ्या एक कार्यकर्त्या दिल्लीहून येत आहेत. सोबत एक ताई आहेत, त्यांचे पती गटारात गुदमरून गेले. माणसांकडून असं धोक्याचं काम करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही हे थांबलेलं नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई १० वरून ३० लाख केली, हे तर प्रत्येक कामगाराच्या घरी पोचायलाच हवं. कामगारांची पाळी पहाटेची, म्हणून सभा दुपारी चारला, त्यांच्याच वस्तीतल्या समाजमंदिरात घ्यावी असं मला वाटतं.

साताऱ्यात दोघींची राहायची सोय कुणी घरी करू शकेल का? आणि ताईंना गावोगावी तीच कहाणी परत सांगायला लावणं जिवावर येतंय. असे दौरे ज्यांनी केलेत, त्यांनी हे कसं सांभाळलं?